आपत्कालीन पिशवी: यवतमाळी यादी

तीन दिवसांचं पाणी, बॅटरी, शिट्टी, सुका खाऊ, कागदपत्रं. संकटकाळासाठी एवढी पिशवी तयार ठेवा, म्हणतात. यवतमाळला खेटलेल्या लोहाऱ्यात ही यादी वाचून हसू यावं. २०१८च्या उन्हाळ्यात यवतमाळकरांनी नळाची वाट आठवडेच्या आठवडे पाहिली. तीन दिवसांचं त्यांना काय कौतुक? २०१७ साली जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसच्या आसपास शेतकरी-शेतमजूर गेले. मास्क-हातमोज्यांचं वाटप त्यानंतर जोरात. जुलै २०२३च्या पुरात महागाव तालुक्यातल्या आनंदनगरसाठी हवाई दलाची हेलिकॉप्टरं मागवावी लागली. ती पिशवीत कुठल्या कप्प्यात ठेवायची? पिशवी जरूर भरा. पण संकटाआधी जागं होणारं प्रशासन दुकानात मिळत नाही, ते मतं देताना मागून घ्या.