नेटकाका

संगमेश्वरात नेट मंदावलं की दोन फोन होतात. पहिला कंपनीच्या हेल्पलाइनला. तिथली मुलगी गोड आवाजात राउटर बंद करून पुन्हा चालू करायला सांगते आणि तक्रार क्रमांक देते. दुसरा नेटकाकांना. काका तक्रार क्रमांक वगैरे देत नाहीत. ते आधी तक्रारच खोटी पाडतात.

नेटकाका म्हणजे टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेला लाइनमन. ही जात महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्याला सापडते, पण आमचा नमुना वेगळा. त्याच्यात निम्मा वकील आहे. शास्त्री आणि सोनवीच्या संगमावरचं हे गाव, त्यात इथला पाऊस. तांब्याच्या तारांच्या जोडात पाणी शिरायचं आणि फोन महिनामहिना खरखरत राहायचे. त्या काळापासून काकांचा पाण्यावर विश्वास नाही आणि गिऱ्हाइकावर तर नाहीच. शिवाय भावकीतला बांधाचा दावा देवरूखच्या कोर्टात दोन पिढ्या चालला. तारखांना जाऊन जाऊन दाव्याचं काही झालं नाही. काकांना मात्र उलटतपासणी आली.

"नेट स्लो आहे" हे वाक्य ते पुरावा म्हणून दाखलच करून घेत नाहीत. "स्लो म्हंजे काय? पान उघडत नाय, की बोलताना अडकतंय? कंदीपास्नं? सगळ्यांचं, की तुझंच? काल काय बदललंस?"

"काहीच नाही, काका."

"मग राउटर मखराच्या मागं चालत गेला?"

नेटवर्क दुरुस्तीवरची जाड पुस्तकं पहिल्या प्रकरणात याहून फार वेगळं काही सांगत नाहीत. फक्त ती जरा सभ्यपणे सांगतात.

काकांचे दोन सराईत आरोपी आहेत, वीज आणि जेसीबी. आरवली ते कांटे या टप्प्यात महामार्गाचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललंय, आणि खोदणाऱ्याला झाडाचं मूळ आणि काचेची तार यांतला फरक कळत नाही. तारेच्या टोकाच्या डब्यावर एलओएसचा लाल दिवा दिसला की काका पिशवी उघडतसुद्धा नाहीत. "उजेडच येत नाय तर मी काय करू? हायवेला जाऊन इचार." दिवा हिरवा असून नेट रखडत असेल, तर पिशवीतून तारेतला उजेड मोजणारा पॉवर मीटर निघतो. उणे 20 आलं तर तार निर्दोष. उणे 27 च्या पलीकडे गेलं तर कुठेतरी वाकली आहे, नाहीतर जोड मळलाय. पडवीत वायफाय येत नाही म्हणणाऱ्यांना ते जांभ्याच्या भिंतीवर थाप मारून दाखवतात आणि चहा न घेता उठतात.

त्यांचा खरा हंगाम गणपतीचा. कोकण रेल्वे भरभरून चाकरमानी उतरतात, माणशी दीड फोन. गेल्या खेपेला एका घरी पुण्याचा पुतण्या लॅपटॉप घेऊन बसला होता. साहेबाशी बोलताना चेहरा गोठायचा, आवाज तुटायचा. हा सॉफ्टवेअरमधला, त्यामुळे काकांना बोलावलेलं त्याला आवडलं नव्हतं. त्याने मोबाइल पुढे केला. "स्पीड टेस्ट बघा. नव्वद एमबीपीएस. घरात प्रॉब्लेम नाहीच, कंपनीच लबाड आहे."

"एस्टी स्टँडपास्नं नाक्यापर्यंत रस्ता मोकळा हाय, म्हणून मुंबईला वेळेत पोचशील?" काका म्हणाले. मग चष्मा वर करून, "आनि बाजूच्या आकड्यावर अंगठा का ठेवलायस?"

अंगठा उचलला. अपलोड शून्य पूर्णांक काहीतरी.

मग पिंग. अमेरिकेतल्या माइक म्यूस यांनी 1983 च्या डिसेंबरात एका संध्याकाळी लिहून टाकलेला हा छोटा प्रोग्रॅम काकांना प्राणप्रिय, कारण तो प्रश्न विचारतो आणि उत्तराला किती वेळ लागला तेवढंच सांगतो. मत देत नाही. राउटरला विचारलं, तीन मिलिसेकंदांत उत्तर. वायफाय सुटलं, राउटरपुढचं मखरही सुटलं. घराबाहेर विचारलं तर सातशे. पुतण्याचा चेहरा उजळला. "बघा, कंपनी!"

"थांब, जल्ला. घरातले साक्षीदार संपले नायत."

काकांनी माजघरातल्या सगळ्या फोनांचे दोन गट केले आणि एका गटाचं वायफाय बंद करायला लावलं. सातशे तसेच. दुसरा गट बंद, वीस. त्या गटाचे पुन्हा दोन. अशी छाटणी होत होत शेवटी उरली मावशी. आदल्या रात्रीची अख्खी जाखडी तिने शूट केली होती आणि तिचा फोन सकाळपासून ती इमानेइतबारे ढगात चढवत होता.

राउटर कुणाला नाही म्हणत नाही, हा त्याचा मूळ दोष. बाहेर जायची वाट अरुंद असली तरी येईल ते सगळं पोटात साठवून ठेवतो, आणि पुतण्याचा एकेक शब्द मावशीच्या व्हिडिओच्या मागे तिष्ठत बसतो. जिम गेटिस या नामांकित संगणकतज्ज्ञाला 2010 च्या सुमारास हेच अमेरिकेत आपल्या घरी आढळलं. घरून फाइली वर चढवताना त्याचं सगळं नेट आचके देऊ लागलं. त्याने दुखण्याला बफरब्लोट असं नाव दिलं आणि जगभर व्याख्यानं दिली. काकांनी नाव दिलं नाही. त्यांनी मावशीकडे बघितलं.

"व्हिडिओ रात्री पाठव. आता ह्याचं हापिस चालू हाय."

"का म्हणून? दुबईला बहीण वाट बघतेय माझी. ह्याचा साहेब काय आरतीला येणाराय?"

पुतण्या काही बोलणार होता, काकांनी हाताने थांबवलं. राउटरमध्ये मावशीच्या फोनला मर्यादा घालता येते, हे त्यांना ठाऊक होतं. पण मोदक मावशीच्या हातचे होते, आणि ताट अजून यायचं होतं.

"दोन्ही बाजूंत तथ्य हाय," पिशवी आवळत काका म्हणाले. "पुढली तारीख अनंत चतुर्दशी."

"काका, माझी मीटिंग अकरा वाजता आहे!"

"मग अर्ज कर," काका म्हणाले आणि पाटावर बसले.