बसलेला विद्यार्थी

सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवण तालुक्यात, आणि त्यातही धामापूरसारख्या तळे, माड व पोफळी यांनी वेढलेल्या गावात, दहावी आणि बारावी ही केवळ इयत्तांची नावे राहिलेली नसून ती सबंध घराने वर्षभर पाळावयाची एक अवस्था झाली आहे, आणि तिचे नियम सोयरसुतकाइतकेच काटेकोर असून पळवाटा मात्र त्याहून कमी आहेत. ‘यंदा आमच्याकडे दहावी आहे’ एवढे म्हटले की त्या घरातील माणसांना लग्नाला न जाण्याची, पाहुण्याला मुक्कामाचा आग्रह न करण्याची, टीव्ही झाकून ठेवण्याची आणि शेजारच्याला गाण्याचा आवाज कमी करावयास सांगण्याची मुभा आपोआप मिळते. दहावी घराकडे असते. मूल हे तिचे निमित्त असते, आणि पुष्कळदा घरात सर्वांत निवांत असलेली व्यक्तीही तेच असते.

या अवस्थेच्या मुळाशी असलेले यंत्र प्रथम पाहणे इष्ट ठरेल. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळ, म्हणजे ज्याला घरोघरी नुसते ‘बोर्ड’ म्हणतात ती संस्था, १ जानेवारी १९६६ रोजी अस्तित्वात आली. तिच्या विभागीय मंडळांपैकी कोकण विभागात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे दोनच जिल्हे येतात, आणि हा चिमुकला विभाग निकालात वर्षानुवर्षे पहिला येत असतो. २०२५ साली दहावीत राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला असता कोकणाचा ९८.८२ टक्के लागला आणि बारावीत राज्याचा ९१.८८ असता कोकणाचा ९६.७४. २०२१ साली महासाथीमुळे दहावीची लेखी परीक्षा झालीच नाही, गुण शाळांनीच दिले, आणि त्या वर्षी कोकणाचा निकाल पूर्ण १०० टक्के लागला. उत्तीर्ण होण्याच्या मार्गात परीक्षा हाच काय तो शेवटचा अडथळा उरला होता असे अनुमान यावरून कोणी काढू नये, परंतु काढल्यास त्याला फारसा दोषही देता येणार नाही.

गुण आणि उद्योग यांचा संबंध किती नाजूक असतो याचे आणखी एक उदाहरण येथेच नोंदवलेले बरे. २०१९ साली भाषाविषयांतील शाळेच्या हातचे अंतर्गत गुण, म्हणजे तोंडी परीक्षेसाठी शिक्षकांनी आपल्याच विद्यार्थ्यांना द्यावयाचे वीस गुण, काढून घेण्यात आले, तेव्हा राज्याचा दहावीचा निकाल ७७.१० टक्क्यांवर घसरला आणि नवी पिढी कशी आळशी झाली आहे यावर सगळीकडे गंभीर चर्चा झाली. पुढच्या वर्षी ते गुण परत देण्यात आले, निकाल ९५.३० टक्के लागला, आणि पिढी पुन्हा उद्योगी झाली. तिला सुधारण्यास बारा महिने पुरले.

शंभरातील जवळजवळ नव्याण्णव मुले उत्तीर्ण होऊ लागली म्हणजे उत्तीर्ण होण्यात पराक्रम उरत नाही, उलट नापास होण्यासाठीच काही स्वतंत्र प्रयत्न करावे लागतात. साहजिकच अपेक्षेचा काटा सरकत जातो. पस्तीस गुणांना पेढे वाटले जात तो काळ फार जुना नाही. त्यानंतर प्रथम श्रेणीचे साठ आले, मग विशेष प्रावीण्याचे पंचाहत्तर आले, आणि आता अठ्ठ्याऐंशी टक्के मिळालेल्या मुलीच्या घरी माणसे हलक्या आवाजात ‘गणितानं घात केलान काय?’ असे विचारत ओटीवर टेकतात. शेजारधर्माची व्याख्या अन्यत्र काहीही असो, मे महिन्यात ती ‘तुमच्या चेडवाक किती पडले?’ या एका प्रश्नात सामावलेली असते, आणि विचारणाऱ्याच्या घरी कोणी दहावीला नसेल तर प्रश्न अधिक मोकळ्या मनाने विचारला जातो.

आता या अपेक्षेचे स्वरूप पाहू. मुलाने पुष्कळ शिकावे अशी कोकणातील पालकांची इच्छा असते यात शंका नाही, पण शिकणे हे डोळ्यांना दिसत नसल्यामुळे त्याच्या जागी दिसणारी एक वस्तू ठेवण्यात आली आहे, आणि ती म्हणजे बसणे. खिडकीजवळचे टेबल, त्यावर वह्यांची चळत, भिंतीवर तीन रंगांच्या स्केचपेनांनी आखलेले वेळापत्रक आणि त्या वेळापत्रकात पहाटे साडेचार ते सहा या वेळेसमोर लिहिलेला ‘गणित’ हा शब्द, ही या बैठकीची सामग्री होय. वेळापत्रक करण्यास साधारणपणे एक रविवार जातो आणि ते पाळण्यास एक सोमवार. पुस्तकातील महत्त्वाच्या ओळींवर पिवळी खूण करण्यासाठी आणलेले पेन पहिल्या धड्याच्या अखेरीस अशा टप्प्यावर पोहोचते की पानावर जी ओळ पांढरी राहिली असेल तीच महत्त्वाची असावी असा पाहणाऱ्याचा समज व्हावा. जवळच ‘अपेक्षित’ पडलेले असते. अपेक्षित म्हणजे परीक्षेत येण्याजोग्या प्रश्नांचा उत्तरांसह छापलेला संच, ज्याच्यामुळे पाठ्यपुस्तक हे संदर्भग्रंथाच्या पदवीला जाऊन पोहोचले आहे.

या बैठकीवर देखरेख दोन ठिकाणांहून चालते. एक घरातील आजी, जिचा मनातल्या मनात वाचण्यावर मुळीच विश्वास नसतो. आवाज थांबला की मूल झोपले असे ती धरून चालते आणि माजघरातून ‘वाच रे झिला, वाच’ अशी हाक येते, त्यामुळे भूमितीच्या प्रमेयासकट सर्व काही मोठ्याने वाचण्याची सवय या भागात टिकून राहिली आहे. दुसरी देखरेख मुंबईहून होते. चाकरमानी, म्हणजे मुंबईत नोकरी करून गावचे घर चालवणारा आणि गणपतीला व जमल्यास शिमग्याला येणारा कर्ता पुरुष, रात्री जेवणाच्या सुमारास फोन करून ‘अभ्यास कसो चललो हा?’ असे विचारतो, त्यावर ‘चललो हा’ असे उत्तर मिळते, आणि पिता-पुत्रांमधील शैक्षणिक चर्चा येथे समाप्त होते. दोघांनाही त्यापुढे काय बोलावे हे ठाऊक नसते.

या सर्व व्यवस्थेची खरी अडचण अशी की परीक्षेचे दिवस मंडळाने ठरवले आहेत आणि उरलेले सर्व दिवस गावाने. गावाचे दिवस ठरवणारा धामापूरचा तलाव १५३० साली विजयनगरच्या राजवटीतील मांडलिक नागेश देसाई याने बांधवला असे मानतात. मातीच्या बांधाने अडवलेले त्याचे पाणी आजही शेतीबागायतीला मिळते, मालवण शहरालाही तेथूनच पाणी जाते, आणि २०२० साली आंतरराष्ट्रीय सिंचन व जलनिस्सारण आयोगाने त्याची जागतिक वारसा सिंचन-रचना म्हणून नोंद केली. या पाण्यावर पावसाळ्यानंतर भाताचे जे दुसरे पीक निघते त्याला वायंगण म्हणतात. वायंगणाला पाणी सोडण्याचे दिवस आणि सराव परीक्षेचे दिवस एकमेकांची विचारपूस न करता येतात. त्यात काजूचा हंगाम नेमका फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरू असतो. २०२५ साली तर बारावीची परीक्षा ११ फेब्रुवारीला आणि दहावीची २१ फेब्रुवारीला सुरू झाली, होळी १३ मार्चला आली आणि दहावीचा शेवटचा पेपर १७ मार्चला झाला. म्हणजे बाहेर ढोल वाजत असताना आत भूगोल वाचावा लागला, आणि ढोल भूगोलापेक्षा अधिक जवळ होता.

काजूचे काम एकदा नीट पाहण्यासारखे असते. उजाडता उजाडता मुलगा जुनी पिशवी घेऊन बागेत जातो, दवाने भिजलेल्या पाचोळ्यातून रात्री पडलेली बोंडे गोळा करतो, आणि प्रत्येक बोंडाची बी एका हिसक्यात पिळून सुटी करतो; टरफलातील तेल कातडीला लागले तर ती सोलवटते हे ठाऊक असल्यामुळे तो हात डोळ्यांकडे नेत नाही. ओली बी व्यापारी कमी भावाने घेतो म्हणून ती खळ्यात पसरून वाळवावी लागते, पावसाचे चिन्ह दिसले तर उचलावी लागते, आणि बाजारात काट्यावर घातली की किलोचा भाव, वजन आणि व्यापाऱ्याने सहज म्हणून वगळलेले पावशेर यांचा हिशेब मुलाच्या तोंडी तयार असतो. हाच मुलगा पूर्वपरीक्षेत ‘शेकडा नफा-तोटा’ या उदाहरणात तीन गुण घालवतो आणि प्रगतिपुस्तकावर ‘कष्टाची सवय नाही’ असा शेरा घेऊन घरी येतो. शेरा वाचला जातो तेव्हा तो अंगणात बी वाळत घालत असतो.

पाठांतराविषयीही असेच म्हणावे लागेल. दशावतार हा दक्षिण कोकणातील जत्रांतून रात्रभर चालणारा नाट्यप्रकार असून त्यात लिखित संहिता नसते. आख्यान कोणते एवढे ठरले की नट रंगमंचावर उभ्या उभ्या संवाद रचतात, आणि पुराणातील वंशावळ चुकली तर समोर बसलेली एखादी म्हातारी जागच्या जागी ती दुरुस्त करते. गणपतीच्या सोंगापासून संकासुराच्या सोंगापर्यंतचा पूर्वरंग आणि पुढे पहाटेपर्यंतचे आख्यान डोळे न मिटता पाहणारा दहावीचा विद्यार्थी दुसऱ्या दिवशी नारद आणि भीम यांच्यातील तासाभराचा वाद मित्रांना हावभावांसह करून दाखवतो, आणि त्यानंतरच्या तासाला इतिहासाच्या पाच कारणांपैकी दोन सांगून गप्प बसतो. दहावीला लोककलेसाठी वाढीव गुण देण्याची तरतूद आहे हे खरे, परंतु त्यासाठी प्रमाणपत्र लागते, आणि पाहणाऱ्याला प्रमाणपत्र देण्याची पद्धत अद्याप संकासुराने सुरू केलेली नाही.

असे असूनही आदर्श मात्र बाहेरून आणले जातात. एके काळी ‘लातूर पॅटर्न’चे नाव निघाले की कोकणातील पालक सावरून बसत, तासांवर तास, चाचण्यांवर चाचण्या आणि गुणवत्ता यादीत झळकणारी नावे अशी त्या पद्धतीची ख्याती होती. २०२५ च्या बारावीत मात्र लातूर विभागाचा निकाल ८९.४६ टक्के म्हणजे राज्यात सर्वांत कमी लागला आणि कोकणाचा सर्वांत अधिक. लातूरकर वैद्यकीय प्रवेशाच्या आकड्यांकडे बोट दाखवून यावर सयुक्तिक उत्तर देतील, आणि ते ऐकून कोकणातील पालक पुन्हा अस्वस्थ होतील. या अस्वस्थतेवरच कुडाळ-मालवणातील क्लास चालतात. क्लासला जाण्यासाठी एसटीची वाट पाहण्यात जो वेळ जातो त्यात एक प्रकरण सहज वाचून व्हावे, परंतु थांब्यावर वाचणाऱ्या मुलाकडे लोक काळजीने पाहतात, म्हणून कोणी वाचत नाही.

कार्यनिष्ठा, म्हणजे अंगावर घेतलेले काम कोणी पाहत नसतानाही पुरे करण्याची वृत्ती, धामापूरला नवीन नाही. तलावाकाठच्या भगवतीविषयी जी आख्यायिका सांगतात तिच्यात लग्नासाठी दागिने हवे असणारी माणसे फुलांची परडी पाण्यात सोडून मागणे करीत, दागिने वर येत, आणि कार्य उरकल्यावर ते परत करावयाचे असत. एकदा कोणी ते परत केले नाहीत आणि तेव्हापासून दागिने येणे बंद झाले. प्रस्तुत लेखकाच्या मते ग्रंथालयशास्त्राची याहून नेमकी मांडणी कोठेही सापडणार नाही. शाळेतून नेलेले मार्गदर्शक पुस्तक परत न करणाऱ्या विद्यार्थ्याला ही कथा शिक्षक अवश्य सांगतात, आणि तो विद्यार्थी ती भक्तिभावाने ऐकून पुस्तक पुढच्या वर्षी धाकट्या भावाला देतो.

सर्वांत मोठा विनोद मात्र धाकात आहे. अभ्यास न करणाऱ्या मुलाला सिंधुदुर्गात जो धाक घालतात तो असा: ‘शिकलंस नाय तर काजी येचीत रवशीत.’ ज्या क्लासला तो जात नाही म्हणून हे ऐकावे लागते, त्या क्लासची फी अनेक घरांत काजूच्याच पैशातून भरली जाते, ही गोष्ट बोलणारा आणि ऐकणारा दोघेही सोयीस्करपणे विसरतात. पुढे हाच मुलगा धाकाने अभ्यासाला लागतो, बारावी विज्ञान शाखेत उत्तीर्ण होतो, सामाईक प्रवेश परीक्षा देतो, आणि गुण चांगले पडले तर दापोलीच्या कृषी विद्यापीठात कृषी पदवीला जाऊन चार वर्षांच्या त्या अभ्यासक्रमात काजूचे कलम कसे बांधावे हे इतर पिकांबरोबर शिकतो. त्याच विद्यापीठाच्या वेंगुर्ले येथील संशोधन केंद्राने तयार केलेल्या ‘वेंगुर्ला-४’ आणि ‘वेंगुर्ला-७’ या जातींची झाडे त्याच्या घरामागे केव्हाची उभी असतात. गुण कमी पडले तर तो मुंबईला किंवा गोव्याला जातो, आणि काजू वेचावयास घरी कोणी उरत नाही, तेव्हा मजूर शोधावे लागतात व ते मिळत नाहीत अशी तक्रार ज्या ओटीवर होते तिच्यावरूनच पूर्वी तो धाक घातला गेलेला असतो.

या स्थितीत कोणता बदल तातडीने होईल अशी चिन्हे नाहीत, आणि बोर्डाला किंवा आजीला सल्ला देण्याचा अधिकारही कोणाला नाही. वाचकांना एवढीच विनंती की निकालाच्या दिवशी ज्या घरी दहावी वा बारावी असेल तेथे जाण्याचा प्रसंग आला तर पेढा आधी घ्यावा, आणि तो तोंडात असेपर्यंत टक्के विचारू नयेत.