आंबणारं आणि हलणारं

प्रवासात बहुतेक वस्तू आपलं ऐकतात. चादर घडीत राहते, भाकरी भाकरीच राहते. आंबायला ठेवलेली गोष्ट मात्र निघते एक आणि पोचते दुसरीच.

घरी बिअर करणाऱ्या हौशी परदेशी मंडळींना हे चांगलं ठाऊक असतं. पिंपात बिअर आंबतेय आणि नेमकं घर बदलायचंय! यीस्टला त्याचं काय? १८० ग्रॅम ग्लुकोज फस्त करून ते सुमारे ४८ लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतं. झाकण घट्ट लावलं तर पिंप फुटायची धास्ती, सैल ठेवलं तर सीटला बिअरचं स्नान. त्यात गाडी खड्ड्यात आदळली की द्रवात विरघळलेला वायू उसळतो आणि फेस वर येतो. म्हणून झाकणाला पाणी भरलेली वाकडी नळी बसवतात. आतला वायू बुडबुडत बाहेर पडतो, बाहेरची हवा आत शिरत नाही. ऑक्सिजन यीस्टला सुरुवातीला लागतो; पुढे तोच बिअरची चव घालवतो.

आपल्याकडे १९४९च्या दारूबंदी कायद्याने परवान्याशिवाय घरी बिअर करता येत नाही. त्यामुळे पुण्याहून मुळशीला जाण्याच्या वाटेवर हा पेच इडलीच्या पिठावर येतो. शनिवारी चांदणी चौक, भूगाव, पिरंगुट, पौड करत फार्महाऊसकडे निघालेल्या एखाद्या गाडीत डोकावावं.

"डिकीत ठेव की तो डबा."

"डिकी तापते. मांडीवरच बरा."

"मग झाकण तरी घट्ट लाव."

"लावलं तर उडेल. अहो, तुम्ही गतिरोधक जरा हळू घ्या!"

इथे कारभार मुख्यतः जिवाणूंचा, पण हट्ट यीस्टचाच. मे महिन्यात पीठ पौडच्या आधीच झाकणाला टेकतं. पावसाळ्यात मुळशीच्या गारठ्यात तेच पीठ रविवारी सकाळी ढिम्म बसून राहतं. मंडळी पोहे खाऊन परत निघाली, गाडीच्या काचा लावल्या, की मग त्याला उत्साह येतो.

२००९ साली पुण्यात डूलाली या कंपनीने मायक्रोब्रुअरी, म्हणजे बिअर करून तिथेच विकणारी जागा, काढली, तिथे हा प्रश्न उलट्या बाजूने सुटलेला होता. बिअर टाकीपाशी मुक्कामाला, प्रवास गिऱ्हाइकाने करायचा. शहाणपणाचंच आहे. पण इडलीला हा न्याय लावला तर पीठ कोथरूडला, खाणारे कोथरूडला, आणि फार्महाऊसवर नुसता वॉचमन.

तेव्हा मुळशीला जाताना तांदळाची कोरडी पिठी न्यावी आणि तिथे घावन घालावेत. त्यांना आंबावं लागत नाही. पिठी डिकीत बसते, खड्डे सोसते. फक्त गाडीत भांडायला दुसरा विषय शोधावा लागतो. तो पिरंगुटच्या ट्रॅफिकमध्ये आपोआप सापडतो.