दिल्ली दरवाजावर चालून न आलेल्या हत्तीस

श्री. गजराज यांच्या चारही चरणी शिरसाष्टांग नमस्कार.

वि. वि. पत्रास कारण की, सुट्ट्या लागल्या आहेत, नागपूरचे पाहुणे उतरले आहेत, आणि पोरांना पुणं दाखवायच्या कामी तुमच्याशिवाय कोणावर भरवसा उरलेला नाही.

शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला तुमच्या गंडस्थळाच्या उंचीवर अणकुचीदार खिळे ठोकून ठेवले आहेत. एकेका दाराला ७२. तुम्ही धडक द्यायला याल म्हणून केवढी ही तयारी! दरवाजातून आत शिरलं की वाटही सरळ जात नाही, लगेच वळते. म्हणजे चुकून आत आलातच तर वेग घेता येऊ नये. आणि तुम्ही आलाच नाहीत. १८१७ च्या नोव्हेंबरात वाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं तेव्हासुद्धा तुमची गरज पडली नाही. इंग्रजांना मिळालेल्या बाळाजीपंत नातूंनी एकाही खिळ्याला न दुखवता ते काम उरकलं.

तरीही वाड्याचं मुख्य आकर्षण तुम्हीच आहात. त्या दारापुढे उभं राहिलेलं प्रत्येक पोर हमखास विचारतं, "मग हत्ती आला होता का?" आणि प्रत्येक मोठा माणूस हमखास सांगतो, "ते राहू दे. हे लक्षात ठेव, पायाभरणी १० जानेवारी १७३०, वार शनिवार." मग खर्चाचा आकडा येतो, १६,११० रुपये, आणि सगळी वडील मंडळी हत्तीला सोडून बाणेरच्या फ्लॅटांच्या भावाकडे वळतात. खिळे मोजू लागलेल्या मुलाकडून आई तेवढ्यात नवाचा पाढा म्हणवून घेते.

वाड्याला आम्ही 'सहकुटुंब पाहण्याजोगं ठिकाण' म्हणतो. कुटुंबाबद्दल तिथे शिकण्यासारखं आहेच म्हणा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्याला त्याच्याच घरात गारद्यांनी गाठलं आणि तो ज्या काकाकडे धावला तोच कटात होता. ही हकिगत साभिनय सांगायचा मान आमच्याकडे परंपरेनं मुलांच्या काकाकडे असतो. "काका, मला वाचवा!" ही आरोळी तो अशी काही ठोकतो की बाकीच्या सहली थांबून बघतात, आणि पुतण्या मग दिवसभर काकापासून चार हात लांब चालतो.

आत गेल्यावर बघायला काय? १८२८ च्या आगीनंतर उरली ती जोती. इथे दिवाणखाना होता, तिथे आरसेमहाल होता, वर सातवा मजला होता. पोरांना अख्खा वाडा 'होता'मध्ये बघावा लागतो. जोती मात्र उड्या मारायला उत्तम. दोन उड्या होतात न होतात तोच शिट्टी वाजते.

गजराज, मला गंमत वाटते ती वेगळीच. हाच वाडा एके काळी खरोखर एका पोरासाठी सजवला होता. सवाई माधवराव जन्मल्यावर चाळीस दिवसांत पेशवे झाले. कारभार नाना फडणवीस बघत, धन्यानं खेळायचं. हजारी कारंजं या बालपेशव्यासाठी झालं: सोळा पाकळ्यांचं कमळ, शेकडो धारा. प्राण्यांची आवड म्हणून पर्वतीच्या पायथ्याशी शिकारखाना होता. तिथला गेंडा गंगाराम तांबट नावाच्या पुण्याच्या चित्रकारानं १७९० मध्ये काढून ठेवला आहे. चित्र हल्ली अमेरिकेत, येल विद्यापीठाच्या संग्रहात असतं. म्हणजे पेशव्यांचा गेंडा बघायचा तर स्वारगेटहून बस नाही. आणि कारंज्याच्या कमळात पाणी उडताना बघायचं भाग्य आमच्या घरात अजून कोणाला लाभलेलं नाही. पोरं कोरड्या पाकळ्या मोजतात, आम्ही धारांचा आकडा सांगतो.

त्या कारभाऱ्यांना एवढं तरी कळत होतं की पोराला पाणी लागतं आणि जनावर लागतं. आम्ही त्याला सनावळी देतो.

बाकीची ठिकाणंही सांगून ठेवतो. लालमहाल शेजारीच आहे. इमारत नव्यानं बांधलेली, पण शाएस्तेखानाची बोटं तुटली ती कथा पोरांना कितीही वेळा चालते. केळकर संग्रहालयात अडकित्ते, दिवे, वज्र्या अशी दिनकरराव केळकर या एकाच माणसानं वेडापायी जमवलेली दुनिया आहे. त्याला नाव दिलंय ते दिनकररावांच्या लहानपणीच गेलेल्या मुलाचं, राजाचं. तिथून आम्ही आमच्या मुलांना हात पाठीमागे बांधायला लावून, रांगेत, पाऊण तासात बाहेर काढतो. पुढे तुळशीबाग. जायचं रामाच्या दर्शनाला. दर्शन एक मिनिट, क्लिपा दीड तास. पितळेची भातुकली तिथे अजून मिळते, पण ती आता आई स्वतःच्या शोकेससाठी घेते. पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना आजोबा प्रत्येक पायरीला थांबून इतिहास सांगतात. दम लागला असं म्हणत नाहीत. पेशवे पार्कातली फुलराणी ही छोटी आगगाडी १९५६ पासून धावते आहे आणि कोणतीही माहिती देत नाही. म्हणून असेल, पोरांना तीच आवडते.

तर मागणं एवढंच, की एकदा या. धडक देऊ नका, पुरातत्त्व खात्याची वास्तू आहे. नुसते दारासमोर उभे राहा, कान हलवा, एखादा खिळा सोंडेनं चाचपून बघा. आप्पा बळवंत चौकातून येऊ नका; तिथे अडकलात तर पुढची सुट्टी लागेल. दुसऱ्या दिवशी 'येथे हत्ती आणू नये, आणल्यास सोंडेतली हवा सोडण्यात येईल' अशी पाटी लागेल, ती मनाला लावून घेऊ नका. पण दरवाजा बांधणाऱ्याचा हिशेब चुकला नव्हता, हे निदान एका पोराला दिसेल. आणि त्या वेळी आम्ही कोणीही तारीख सांगणार नाही, असं मी घरच्यांच्या वतीनं लिहून देतो. आजोबांची हमी मात्र घेता येत नाही.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक सहकुटुंब पुणेकर

ता. क. : पिल्लाला आणणार असाल तर अवश्य आणा. सोबत त्याचे काका नकोत.