सर, फळा चमकून राहिला!

वर्धेचा सूर्य वर्गात शिरताना कुणाची परवानगी घेत नाही. उन्हाळ्यात सकाळची शाळा असली, तरी पूर्वेच्या खिडकीतून तो आमच्या आधी हजर. कोपऱ्यातल्या बाकावरून तक्रार येते, "सर, फळा चमकून राहिला, काईच दिसून नाही राहिलं!" मग पडदा ओढला जातो, अंधार होतो आणि ट्यूबलाइट लागतात. बाहेर उन्हाचा पूर, आत विजेचं बिल. वीज गेली की पडदा पुन्हा उघडायचा.

पडद्याचं मला फार कौतुक वाटतं. ऊन काचेतून आत आल्यावर त्याला अडवणं म्हणजे चोर घरात घेऊन कडी घालणं. पडदा तापतो आणि ती उष्णता वर्गातच सोडतो. उन्हाला रोखायचं ते खिडकीबाहेर.

सेवाग्रामची बापूकुटी पाहा. गांधीजींच्या शिष्या मीराबेननी मुळात स्वतःसाठी बांधलेली. मातीच्या भिंती, वर कवेलू. छप्पर इतकं खाली उतरलेलं की ऊन पडवीतच थबकतं आणि आत नुसता उजेड येतो. असा उजेड शाळेलाही हवा. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्यात शिक्षण परिषद भरली, तिच्यातून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम निघाली. मुलांनी सूत कातत शिकायचं, तर धागा दिसायला हवाच की!

उन्हाचं गणित अवघड नाही. वर्ध्यात डिसेंबरच्या दुपारी सूर्य दक्षिणेला साधारण ४६ अंशांवर असतो, मेअखेरीस थेट डोक्यावर. दक्षिणेच्या खिडकीला बेताचा छज्जा दिला की उन्हाळ्यात सावली मिळते, थंडीत थोडं ऊन. उत्तरेची खिडकी सर्वांत गुणी, तिचा उजेड दिवसभर जवळपास सारखा. तो डावीकडून यावा, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली वहीवर पडत नाही. (डावखुऱ्यांचा विचार कुणी केलेला दिसत नाही.) पूर्व-पश्चिमेला मात्र सूर्य छज्ज्याखालून वाकून डोकावतो. तिथे बांबूचा तट्टा हवा, नाहीतर कडूनिंब. तो फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं गाळतो आणि ऊन तापेपर्यंत पुन्हा हिरवागार होतो, कुठल्याही इंजिनिअरच्या सहीशिवाय.

आपण मात्र शाळेची दिशा रस्ता पाहून ठरवतो. पाटी दिसली पाहिजे ना!

तेव्हा गावात नवी वर्गखोली मंजूर झाली असेल, तर शाळा व्यवस्थापन समितीनं सही करण्याआधी नकाशात उत्तर कुठे आहे ते विचारावं आणि खिडक्या उत्तर-दक्षिण मागून घ्याव्यात. जुन्या वर्गांच्या पूर्व-पश्चिम खिडक्यांना पडद्यांच्या पैशात तट्टे येतील.