मांडीवरचा प्रवासी

विमानात तान्ह्या बाळांना बंदी हवी, या मागणीला आमचा जाहीर पाठिंबा आहे. पुणे-दिल्ली हा जेमतेम दोन-सव्वादोन तासांचा प्रवास. तेवढ्यात सज्जनाला चार निवांत क्षण मिळू नयेत? परवा शेजारचे गृहस्थ इअरफोनची भानगड न ठेवता मोबाइलवर सासू-सुनेची मालिका पाहत होते. पुढच्या रांगेतले साहेब दारे बंद होईपर्यंत नागपूरच्या कुणाला तरी ‘टेंडर भरलं का?’ असे विचारत होते, तेही नागपूरला फोनशिवाय ऐकू जाईल अशा बेताने. अशा प्रसन्न वातावरणात मागून ट्यँहा सुरू झाले आणि सगळ्यांची शांतता भंगली.

या मंडळींचा माज बघा. दोन वर्षांखालची म्हणून तिकीट नाममात्र (हा शब्द कंपन्यांचा, बापाचा नव्हे). त्या पैशात सीट नाही. आईच्या मांडीवर, तिच्याच पट्ट्याला जोडलेल्या आखूड पट्ट्यात अडकून बसायचे. आणि वर तक्रार!

तक्रार काय, तर कान दुखतात. वर गेलेल्या विमानात हवेचा दाब साधारण सहा ते आठ हजार फुटांवर असतो तेवढा ठेवतात, म्हणजे बाळ कळसूबाईच्याही वर. उतरताना दाब वाढतो, घशाकडून कानात जाणारी नळी बाळाची अरुंद, त्यामुळे कानाचा पडदा आत दाबला जातो. गिळले की नळी उघडते, म्हणून जाणत्या आया नेमक्या उतरतानाच पाजायला घेतात. आम्हाला हे शास्त्र मंजूर नाही. कान आमचेही दुखतात. आम्ही लिमलेटची गोळी चघळतो आणि एअर होस्टेसवर डाफरतो. रडतो का?

त्या आईला सल्ले मात्र भरपूर मिळाले. एक काकू म्हणाल्या, टोपरे घाल. दुसऱ्या म्हणाल्या, काढ, उकडतंय त्याला.

इंडिगोने 2016 साली काही रांगा 12 वर्षांखालच्या मुलांना बंद करून त्यांना शांत विभाग ठरवले, तेव्हा आम्हाला भरून आले होते. टेंडरवाल्या साहेबांना तिथे आडकाठी नव्हती. त्यांचे वय 12च्या वर भरते.

दिल्लीत चाके टेकताच आम्ही उठलो, वरून बॅग ओढली आणि एअर होस्टेसला बजावले, “या पोरांना काही शिस्त?”

ती म्हणाली, “सर, आधी खाली बसा. विमान अजून थांबलेलं नाही.”