पुढचं येऊ दे

६ नोव्हेंबर २०१५ रोजी ॲपलचं घड्याळ भारतात विक्रीला आलं, आणि ते घ्यावं की नाही यावर आमचे दाजी तेव्हापासून विचार करत आहेत. घाईत निर्णय घेणारे लोक दाजींना आवडत नाहीत. ताईला पसंत करायला तेवढा त्यांनी एकच दिवस घेतला होता, आणि त्याचा उल्लेख ते अजूनही अपवाद म्हणून करतात.

तारीख कंपनीनं बेतानं निवडली होती. तीन दिवसांवर धनत्रयोदशी, हातात बोनस. शिवाय अमेरिकेत आणि चीनमध्ये हे घड्याळ एप्रिलमध्येच मिळू लागलं होतं. आपल्याकडे पोचायला त्याला सहा महिने लागले, आणि तेवढ्यात त्याच्या खोड्या जगभर छापून आल्या होत्या. म्हणजे विचार करायला आपल्या गिऱ्हाइकाला इतरांपेक्षा अर्धं वर्ष जास्त मिळालं. दाजींनी त्यातला एक दिवसही वाया घालवला नाही.

किंमत तेव्हा ३०,९०० रुपयांपासून पुढे. पण हे घड्याळ एकटं नांदत नाही, त्याला घरात आयफोन लागतो, तोही तेव्हा ‘आयफोन ५’ किंवा त्यापुढचा. दाजींच्या खिशात दोन सिमकार्डांचा, भलत्याच गोत्राचा फोन. त्यामुळे घड्याळाचा प्रश्न आधी फोनचा प्रश्न झाला. आणि स्वतःचा फोन बदलायचा तर ताईच्या फोनचा विषय निघणार. तो निघू नये म्हणून घरात किती गोष्टी वर्षानुवर्षं बदललेल्या नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

तरी दिवाळीत फराळाच्या ताटांभोवती चर्चा झालीच. दाजींच्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकच प्रश्न विचारला.

“याला चावी कधी द्यायची?”

“चावी नसते हो नाना,” भाचा म्हणाला. “चार्ज करायचं.”

“किती दिवसांनी?”

“रोज रात्री.”

“मग चावीच की!” असं म्हणून नानांनी चकली उचलली. त्यांच्या दृष्टीनं विषय संपला होता.

बॅटरी १८ तास टिकते, असं खुद्द कंपनीच सांगत होती. म्हणजे पहाटे पाचला पाणी भरायला उठणाऱ्याचं घड्याळ रात्री अकराला मान टाकणार. शेवटची लोकल पकडायची असेल तेव्हा किती वाजले हे शेजारच्याला विचारायचं.

नानांच्या मनगटावर एचएमटीचं ‘जनता’. जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं १९६१ मध्ये बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली. ‘देश की धडकन’ अशी त्यांची जाहिरात असे. योगायोग पाहा, सप्टेंबर २०१४ मध्ये ॲपलनं आपल्या घड्याळाची घोषणा केली, आणि त्याच महिन्यात केंद्र सरकार एचएमटीचा घड्याळांचा कारखाना बंद करणार अशी बातमी आली. (अवजड उद्योग खातं तेव्हा आपल्या रायगडच्या अनंत गिते यांच्याकडे होतं. मराठी माणसाला दिल्लीत खातं मिळतं ते असं.) ती बातमी येताच, ज्यांनी वर्षानुवर्षं एचएमटीकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं ते लोक एचएमटी घ्यायला धावले. पहिल्या पिढीचं घड्याळ घ्यावं का, यावर आपल्याकडे मतभेद आहेत. शेवटच्या पिढीचं घ्यावं, यावर मात्र एकमत आहे.

देशाची धडकन अशी आवरत आली असताना ॲपलच्या घड्याळात स्वतःची धडधड दुसऱ्याच्या मनगटावर पाठवायची सोय होती. समोरच्याकडेही तेच घड्याळ हवं, एवढीच अट. भाच्यानं मोठ्या उत्साहानं ही सोय वाचून दाखवली. “पण पाठवायची कुणाला?” दाजींनी विचारलं. ताई शेजारीच बसली होती. त्या रात्री धडधड कुणाची वाढली हे मोजायला घड्याळ लागलं नाही.

बाकीची वैशिष्ट्यंही अशीच, दुसऱ्या कुणाच्या तरी आयुष्यासाठी बेतलेली. वेळ म्हणे ५० मिलिसेकंदांच्या आत अचूक. म्हणजे सेकंदाच्या विसाव्या भागाचीही चूक नाही. आपल्या पत्रिकेवर मुहूर्त बारा वाजून सदतीस मिनिटांचा छापलेला असतो. बारा पस्तीसला नवरदेव बँडवाल्याच्या पुढ्यात नाचत असतो, आणि एकला मामा मुलीला आणायला निघतात. इथे सेकंदाचा विसावा भाग कुणाच्या पदरात घालणार?

तेव्हा ॲपलचे प्रमुख असलेल्या टिम कुक यांनी फेब्रुवारी २०१५ मध्ये एका परिषदेत कौतुकानं सांगितलं होतं, की तास भरायला दहा मिनिटं उरली की हे घड्याळ हलायची आठवण करतं आणि आमच्याकडची माणसं एकदम उठून उभी राहतात. दाजी डोंबिवलीला चढतात आणि सीएसएमटीला उतरतात. त्या दरम्यान उभं राहण्यासाठी त्यांना आजवर कुणाच्या टिचकीची गरज पडलेली नाही. बसायला जागा मिळवून देणारं घड्याळ काढलं असतं, तर ३० हजार काय, गाडीत लिलाव झाला असता.

त्यात जीपीएस नव्हतं, म्हणून पळायला जाताना फोनही बरोबर घ्यायचा. पाण्याचे शिंतोडे चालत, पोहणं चालत नसे. हात धुणं आणि पोहणं यांतला फरक कॅलिफोर्नियात स्पष्ट असेल. जुलैत कुर्ला-सायनच्या रुळांवर तो तितकासा स्पष्ट राहत नाही.

पण खरी मौज सोन्याच्या घड्याळाची. ‘एडिशन’ नावाचा एक प्रकार १८ कॅरेट सोन्यात निघाला होता. अमेरिकेत त्याची किंमत १०,००० ते १७,००० डॉलर. ताईनं तो फोटो मिनिटभर निरखला आणि विचारलं, “अठराचं? बावीसचं का नाही? घडणावळ किती धरलीय? आणि मोडीला गेलं तर आतली मशिनरी वजनात धरतात का वजा करतात?” मी जबाबदारीनं सांगतो, या घड्याळाबद्दल विचारले गेलेले हे सर्वांत समंजस प्रश्न होते. तंत्रज्ञानावर लिहिणाऱ्यांना पडदा, चिप, पट्टा यांतून डोकं वर काढायला सवड नव्हती, आणि वस्तू जुनी झाल्यावर तिचं काय येईल हे विचारण्याचं धाडस सराफाच्या दुकानात वाढलेल्या बाईलाच असतं.

उत्तर यायला फार वेळ लागला नाही. सप्टेंबर २०१६ मध्ये ॲपलनं सोन्याचं घड्याळ यादीतून काढलं आणि त्याच नावाखाली सिरॅमिकचं आणलं. सप्टेंबर २०१८ मध्ये घड्याळाची नवी प्रणाली आली, ती पहिल्या पिढीच्या एकाही घड्याळावर चालेना, ॲल्युमिनियमच्या नाही आणि सोन्याच्याही नाही. जुन्या काळचे किमयागार लोखंडाचं सोनं करण्यात हयात घालवून मेले. सोन्याचं भंगार करायला इथे साडेतीन वर्षं पुरली.

मला यात कंपनीची लबाडी दिसत नाही, गोंधळ दिसतो. पहिल्या खेपेला हे घड्याळ कशासाठी आहे हे तिलाच उमगलं नव्हतं. दागिना म्हणून ते चिनी ‘व्होग’च्या मुखपृष्ठावर झळकलं, पॅरिसच्या गॅलरी लाफायेतमध्ये आणि लंडनच्या सेल्फ्रिजेसमध्ये त्याची वेगळी दुकानं थाटली, धडधड पाठवायला सांगितली. मग दुकानं गुंडाळली. २०१६ मध्ये जीपीएस आलं आणि पोहायची परवानगी मिळाली. २०१७ मध्ये फोनशिवाय फोन लावता येऊ लागला. २०१८ मध्ये घड्याळ ईसीजी काढू लागलं, आणि सोन्याच्या तोऱ्यात जन्मलेली वस्तू डॉक्टरांच्या पंगतीत जाऊन बसली. म्हणजे २०१५ मध्ये दाजी ज्या वस्तूबद्दल निर्णय घेत होते, तिच्याबद्दल तिच्या बनवणाऱ्यांचाही निर्णय झालेला नव्हता. दोन्ही पक्ष विचार करत होते. फरक एवढाच, की त्यांच्या विचाराचे पैसे गिऱ्हाईक भरत होतं आणि दाजींचा विचार फुकट चालला होता.

हे पैसे भरणारे लोक मात्र मनानं थोर. २००७ मध्ये पहिला आयफोन ५९९ डॉलरला घ्यायला ते रांगेत उभे राहिले, आणि सव्वादोन महिन्यांत तोच ३९९ ला आला. आरडाओरडा झाल्यावर त्यांच्या हातावर १०० डॉलरची सवलत टेकवली गेली. २०१० चा पहिला आयपॅड त्यांनी कॅमेऱ्याशिवाय चालवून घेतला. त्यांच्या वर्गणीवर मंडप उभा राहतो, आणि आरतीला पुढे उभे असतात दाजींसारखे, वर्गणी न दिलेले. प्रसादात खोबरं कमी आहे, हेही तेच सांगतात.

म्हणून दाजींना मी शहाणा म्हणणार नाही. दर सप्टेंबरला नवं घड्याळ आलं की ते फोन करतात, “बघा, म्हटलं नव्हतं मी? मागचं घेतलं असतं तर फसलो असतो.” मग नव्याचं काय ते विचारलं, की “पुढचं येऊ दे.” पुढचं चांगलं असणार हा मुद्दा कधीच खोटा ठरत नाही. त्यामुळेच त्याचा उपयोग शून्य. २०१६ च्या जानेवारीत टायटननं एचपीबरोबर ‘जक्स्ट’ नावाचं हुशार घड्याळ साधारण निम्म्या किमतीत आणलं, तेव्हाही हाच मुद्दा आडवा आला. दरवर्षी वाचलेल्या पैशांची दाजी मनात बेरीज करतात. त्यांच्या हिशेबानं त्यांनी एव्हाना इतक्या घड्याळांचे पैसे वाचवले आहेत, की एखादी छोटी गाडी घरात यायला हवी होती. ती का आली नाही, यावर ताई अधूनमधून बोलते.

अलीकडे प्रकरण मनगटावरून बोटावर सरकलं आहे. २०२४ मध्ये सॅमसंगनं अंगठी काढली, पहिल्या पिढीची. किंमत तेव्हा ३८,९९९ रुपये. घेण्याआधी मापाच्या प्लॅस्टिकच्या अंगठ्या बोटात घालून चोवीस तास वावरायचं आणि मग माप ठरवायचं, असं कंपनी सांगते. गिऱ्हाइकाला विचार करायला वेळ देणारी कंपनी दाजींना आयुष्यात प्रथमच भेटली होती. ते हरखले. ताईला त्यांनी चित्र दाखवलं.

“सोनं किती?”

“टायटॅनियम आहे.”

“वेळ दाखवते?”

“नाही. तिला पडदाच नाही.”

“मग करते काय?”

“आपण झोपलो की लक्ष ठेवते. किती वेळ झोपलो, कशी झोप लागली, सगळं सकाळी फोनवर सांगते. फोन जवळ असला तर घोरणंसुद्धा मोजते.”

“अगोबाई!” ताई म्हणाली. “म्हणजे माझे आजवरचे अडतीस हजार नऊशे नव्याण्णव तुमच्याकडे निघतात की!”